पॅनकेक राहू द्या, गेट उघडा!

रविवारी सकाळी बाइक काढून आपण पन्नास किलोमीटर लांब मिसळ खायला जातो. घराजवळ मिसळ मिळत नाही म्हणून थोडंच? मजा जाण्यात असते. अमेरिकेतले हौशी पायलट हाच उद्योग विमानाने करतात. त्याला म्हणतात ‘फ्लाय-इन ब्रेकफास्ट’.

छोट्या गावाची धावपट्टी, हँगरमध्ये मांडलेली टेबलं आणि तव्यापाशी पॅनकेक उलटणारे स्थानिक क्लबचे सदस्य. सकाळी हवा शांत असते, म्हणून आसपासचे पायलट आपली दोन-चार सीटची विमानं घेऊन लवकर पोचतात. अशा अनेक ठिकाणी कंट्रोल टॉवरही नसतो. ‘मी इथे आहे, आता उतरतोय’ असं रेडिओवर सांगत, एकमेकांना सांभाळून घेत सगळे उतरतात. खाणं स्वस्त, इंधन महाग. म्हणून ‘शंभर डॉलरचा बर्गर’ म्हणत ते स्वतःचीच थट्टा करतात.

तुम्ही म्हणाल, श्रीमंतांचे चोचले! मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण गंमत अशी की, या नाश्त्याला यायला विमान लागतच नाही. गावातले लोक पोराबाळांना घेऊन गाडीने येतात, विमानं जवळून बघतात, पायलटला प्रश्न विचारून भंडावून सोडतात. यातले कितीतरी नाश्ते ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’च्या स्थानिक शाखा भरवतात. याच संस्थेच्या ‘यंग ईगल्स’ उपक्रमात १९९२ पासून ८ ते १७ वर्षांच्या २० लाखांहून जास्त मुलांना फुकट विमानफेरी मिळाली आहे. उडवणारे पायलट स्वयंसेवक असतात.

आता आपल्याकडे बघा. मुंबईत १९२८ मध्ये फ्लाइंग क्लब सुरू झाला. जेआरडी टाटा तिथेच शिकले आणि १९२९ मध्ये त्यांना देशातलं पहिलं पायलट लायसन्स मिळालं. सुरुवात हौसेतूनच झाली होती. आज ‘मला विमान उडवायचंय’ म्हणून बघा, पहिला प्रश्न येतो, ‘कोर्सला किती लाख? पॅकेज किती?’ खासगी लायसन्सला किमान ४० तासांचं उड्डाण लागतं, व्यावसायिकला २००. सगळी धाव त्या २०० कडे. बारामती, धुळ्यात शिकाऊ पायलटांची विमानं उडतात, पण शेजारच्या कॉलेजातल्या बहुतेकांना ती कुंपणाबाहेरूनच दिसतात.

सुरक्षेचे नियम कडक आहेत, मान्य. धावपट्टीवर कुणाला सोडा, असं मी म्हणत नाही. पण महिन्यातून एका रविवारी हँगर उघडा. एक विमान उभं करा, चहा-पोहे ठेवा, शिकणाऱ्या मुलामुलींना आमच्याशी बोलू द्या. याला किती खर्च येणार?

आणि तुम्ही-आम्हीही एक करूया. कुणी आवडीने काही शिकायला लागलं, मग ते विमान असो की बासरी, ‘याला स्कोप काय?’ हा प्रश्न लगेच फेकायचा नाही. सगळ्यांनी पायलट व्हायची गरज नाही. पण कॉकपिटमध्ये डोकावून बघण्याआधीच ‘हे आपल्यासाठी नाही’ असं आपण ठरवून टाकतो, ते मला खुपतं.

तेव्हा पॅनकेक नकोत. पोहे चालतील. गेट तेवढं उघडा!