विरारच्या पुढचं अंगण

तुम्ही मुंबईचे असाल तर तुमचा नकाशा विरारला संपतो. खोटं नका बोलू! माझाही संपायचा. वैतरणेच्या पुलापलीकडे थेट गुजरात सुरू होतं, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

तर झालं असं. गेल्या वर्षी बाबा रिटायर झाले. आख्खी नोकरी गोरेगावातल्या दोन भाड्याच्या खोल्यांत काढली, हातात फंडाचे पैसे आले आणि त्यांनी जाहीर केलं, "मला अंगण हवं." बाल्कनी नाही, टेरेस नाही, अंगण! तुळस, एक चिकूचं झाड आणि खुर्ची टाकून पेपर वाचता येईल एवढी जागा. मी पडले फ्रीलान्सर. म्हणजे बँकेच्या लेखी जवळजवळ बेरोजगार. होमलोनवाल्याने सॅलरी स्लिप मागितली तेव्हा मी त्याला माझ्या छापून आलेल्या लेखांची फाइल दाखवली. तो सभ्यपणे हसला. थोडक्यात, जे काही व्हायचं ते बाबांच्या फंडात.

आणि एका रविवारी एजंटचा फोन आला. "मॅडम, वाणगाव बघा. स्टेशनपासून दहा मिनिटं. पोर्ट आलं की रेट डबल!"

गेलो. डहाणू लोकल पकडली की बोईसरला अर्धा डबा रिकामा होतो, तारापूर एमआयडीसीवाले उतरतात. पुढचं स्टेशन वाणगाव, त्याच्या पुढे डहाणू रोड, आणि लोकल खल्लास. १६ एप्रिल २०१३ला ही लोकल डहाणूपर्यंत गेली आणि चर्चगेटपासून शंभरेक किलोमीटरवरचं हे गाव कागदोपत्री मुंबईचं उपनगर झालं. पुढच्या वर्षी, १ ऑगस्ट २०१४ला, पालघर जिल्हा झाला आणि ठाण्याचे हेलपाटेही संपले.

पण उतरलात की उपनगर वगैरे विसराच. स्टेशनबाहेर मिरचीच्या गोणी. इथली हिरवी मिरची व्यापाऱ्यांत एकदम फेमस आहे. शेडनेटखाली ढोबळी मिरची, बांधावर ताड, आणि पश्चिमेला चिंचणी-वरोरच्या बाजूला समुद्र. बाबांनी एक लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "बास. हेच." आता वडिलांना कोण समजावणार की घर असं एका श्वासात घेत नसतात?

गंमत म्हणजे, हा फंडा आपला नाहीच, लंडनचा आहे. तिथल्या मेट्रोपॉलिटन रेल्वेने रूळ तर टाकले, पण गाडीत बसायला माणसं हवीत ना? मग कंपनीने १९१५ साली 'मेट्रो-लँड' असा झकास शब्द काढला आणि लंडनच्या वायव्येकडच्या खेड्यांचं कौतुक करणारी पुस्तिका १९३२पर्यंत दरवर्षी छापली. स्वच्छ हवा, बागेसकट घर आणि सकाळी ऑफिसला नेणारी गाडी. लोक भुलले, गेले, आणि ती टुमदार खेडी हळूहळू उपनगरं झाली. आमच्या एजंटच्या ब्रोशरमध्ये शब्द न् शब्द तोच माल होता. फरक एकच. तिथे रेल्वे कंपनी स्वतःच्या ताब्यातली जमीन विकत होती. इथे कोणाची?

हा प्रश्न मला सुचला नव्हता, हे कबूल करते. तो एका आजींनी विचारला.

प्लॉट मस्त होता. कुंपण, मधोमध चक्क चिकूचं झाड, आणि कोपऱ्यात कुडाचं एक घर. एजंट म्हणाला, "ते लोक उठतील, टेन्शन नका घेऊ." बाबा झाडाखाली उभे राहून खुर्ची कुठे ठेवायची ते ठरवत होते. तेवढ्यात घरातून एक वारली आजी बाहेर आल्या. त्यांनी बाबांना पाणी दिलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "तुम्ही घेणार काय ही जमीन? मग आम्ही कुठं जायचं?"

एजंट हसला. बाबा हसले नाहीत.

घरी येऊन मी ऑनलाइन सातबारा काढला. (काढता येतो, मोबाइलवर, पाच मिनिटांत!) भोगवटादार म्हणून भलत्याच कुटुंबाचं नाव, आणि इतर हक्कांच्या रकान्यात कलम ३६ आणि ३६अ चा उल्लेख. सोप्या भाषेत, जमीन आदिवासी कुटुंबाची. १९७४पासून महाराष्ट्रात असा कायदा आहे की आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सरकारी परवानगीशिवाय विकत घेता येत नाही. घेतलीच, तर व्यवहार रद्द होऊन जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते. एजंटला फोन केला. तो जराही गडबडला नाही. "सगळे असंच करतात मॅडम. साठेखत करू, कुलमुखत्यारपत्र घेऊ, नावावर नंतर बघू. टोकन उद्या द्या, दुसरी पार्टी रेडी आहे."

हा कायदा काही आभाळातून पडला नाही. याच डहाणू-तलासरी-उंबरगाव पट्ट्यात १९४५ साली वारली लोक वेठबिगारी आणि जमीनदारांच्या जाचाविरुद्ध उठले होते. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' त्याचीच कहाणी सांगतं. ते मी मास कॉमच्या सेकंड इयरला 'संदर्भासाठी' चाळलं होतं. संदर्भ असा अंगणात येऊन पाण्याचा तांब्या देईल, असं वाटलं नव्हतं.

दोन दिवस घरात अबोला. बाबांना वाटलं, मी त्यांचं स्वप्न मोडलं. तिसऱ्या दिवशी चहा पिताना स्वतःच म्हणाले, "आपण आयुष्यभर घरमालक कधी काढतो या भीतीत राहिलो. मी कोणाला काढायला नको."

विषय संपला. टोकन गेलं नाही, फंड शाबूत. पण वाणगाव काही डोक्यातून जाईना! मग मी रीतसर होमवर्क केला. तोच तुम्हाला फुकटात देते, कारण माझ्या निम्म्या मित्रमैत्रिणींच्या व्हॉट्सॲपवर सध्या हेच ब्रोशर फिरतंय.

एक, सातबारा आणि फेरफार स्वतः काढा, एजंटने दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. दोन, शेतजमीन घ्यायची तर मुळात तुम्ही शेतकरी असावं लागतं, ही १९४८च्या कूळकायद्याची अट. आमच्या घराण्याची शेती म्हणजे खिडकीतली कढीपत्त्याची कुंडी, सो आम्ही बाद. तीन, 'एनए प्लॉट' म्हणत असतील तर बिगरशेतीचा आदेश हातात घेऊन वाचा. 'होईलच लवकर' हा आदेश नसतो. चार, फ्लॅट असेल तर महारेराचा नंबर तपासा. मे २०१७पासून पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्लॉटवरच्या आणि आठपेक्षा जास्त फ्लॅट्सच्या नव्या प्रोजेक्टला नोंदणी सक्तीची आहे, आणि रजिस्टर्ड करार झाल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. पाच, इमारत कशी बांधलीय ते इंजिनीअरला दाखवा. नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के बसत आले आहेत. ब्रोशरमध्ये हे नसतं.

आणि सहावी गोष्ट, पोर्ट. १९९१मध्ये केंद्र सरकारने आख्खा डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. सुप्रीम कोर्टाच्या १९९६च्या आदेशाने त्यावर लक्ष ठेवायला प्राधिकरण आलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष. १९९८मध्ये याच प्राधिकरणाने वाढवण बंदराला नकार दिला होता, आणि जुलै २०२३मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. ३० ऑगस्ट २०२४ला सुमारे ७६ हजार कोटींच्या बंदराचं भूमिपूजनही झालं. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा, बागायतदारांचा विरोध जुना आहे. म्हणजे ज्या शांततेसाठी बाबा इथे येणार, तीच संपणार म्हणून एजंट रेट वाढवतोय! दोन्ही एकदम कसं मिळणार, बॉस?

तरीही आम्ही आलो. विकत नाही, भाड्याने. गावातल्या एका काकूंच्या घरामागच्या दोन खोल्या, पुढे सामायिक अंगण. म्हटलं, आधी एक पावसाळा काढून बघू. काढला. लाइट गेली, लोकल चुकली की पुढची कधी हे पाठ झालं, आणि 'मीटिंगला अर्ध्या तासात पोचते' हे वाक्य माझ्या आयुष्यातून कायमचं गेलं. इथून नुसतं विरार गाठायलाच तासभर लागतो, चर्चगेटचं नावच नको. रोज अप-डाउन करणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. विरार-डहाणू आणखी दोन रूळ टाकायचं काम हाती घेतलंय, त्याची वाट लेडीज डब्यातली प्रत्येक बाई पाहतेय. आठवड्यातून दोनदा जाणाऱ्या माझ्यासारखीला जमतं. रोज नऊ वाजता पंच करायचं असेल तर आधी महिनाभर करून बघा, मग फ्लॅटचं बोला.

सध्या स्टेशनजवळच्या एका नोंदणीकृत बिल्डिंगमध्ये तळमजल्याचा वन बीएचके बघितलाय. कागद वकिलाकडे आहेत. अंगण म्हणावं असं काही नाही, पण खिडकीबाहेर तुळशीपुरती माती आहे. मी बाबांना म्हटलं, घाई नाही.

त्यांनाही नाही. ते रोज संध्याकाळी फिरायला त्या कुडाच्या घराकडे जातात. आजींनी परवा पिशवीभर चिकू दिले. बाबांनी पैसे पुढे केले तर म्हणाल्या, "झाड काय विकत घेतलंय काय आम्ही?"