वीजबिलाची सवलत गरिबाला, की मीटरला?

उन्हाळा लागला की मोहल्ल्यात एकच तक्रार कानावर येते, लाईट बिलाची. "सरकार गरिबांना सवलत देतं म्हणतात, मग आमच्या बिलात ती दिसत का नाही?" या प्रश्नाचं उत्तर नियमांतच आहे.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने घरगुती ग्राहकांत दारिद्र्यरेषेखालील (बीपीएल) कुटुंबांसाठी वेगळा, स्वस्त दर ठेवला आहे. अट अशी की वर्षाचा वापर ३६० युनिटांच्या आत हवा, म्हणजे महिन्याला सरासरी ३० युनिट. आता हिशेब करू. ७५ वॅटचा साधा पंखा दिवसाला १० तास चालला तर महिन्याला साडेबावीस युनिट जातात. मे महिन्यात तोच पंखा १६ तास फिरला की ३६ युनिट. म्हणजे एकट्या पंख्यानेच महिन्याचा कोटा संपतो. बल्ब, टीव्ही, मोबाईल त्यानंतर. फ्रीजचं तर नावच नको. वर्षाची बेरीज ३६० च्या पुढे गेली की घर स्वस्त दरातून बाहेर पडतं. माणसं गरीबच राहतात, पण मीटरच्या हिशेबात ती आता गरीब नसतात!

दुसरी अडचण भाडेकरूंची. भिवंडी, मालेगाव, मुंब्रा अशा ठिकाणी चार-पाच बिऱ्हाडं एकाच मीटरवर असतात. सर्वांचा वापर एकत्र मोजला की १०० युनिटांचा पहिला, स्वस्त टप्पा चटकन ओलांडला जातो आणि पुढची युनिटं महाग दराने लागतात. वर घरमालक सांगेल तो दर. सरकारी नोंदीत ही बिऱ्हाडं ग्राहकच नाहीत, मग सवलत मिळणार कुणाला?

राज्य सरकारची 'स्मार्ट' ही छतावरच्या सौरऊर्जेची योजनाही याच वाटेने जाते. एक किलोवॅटच्या सुमारे ५० हजार रुपयांच्या संचासाठी बीपीएल कुटुंबाला फक्त अडीच हजार भरायचे आहेत, बाकी केंद्र आणि राज्य देणार. योजना चांगली आहे, आम्ही तिचं स्वागतच करतो. पण छतच भाड्याचं असेल, किंवा वर पत्रा आणि त्यावर दुसऱ्याचा मजला असेल, तर सोलर बसवायचं कुठे?

शेजारच्या कर्नाटकाने २०२३ मध्ये 'गृहज्योती' आणली, त्यात भाडेकरूंनाही घेतलं. बेळगाव-निपाणीत ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांनी 'शून्य बिल' पाहिलं असेल. तिथेही मर्यादा आहेच: २०० युनिटांच्या आत, आधीच्या वर्षाच्या सरासरीपेक्षा १० टक्के जास्त वापरापर्यंतच बिल माफ. पण भाड्याने राहतो म्हणून कुणी आपोआप बाहेर पडत नाही.

मग देखरेख कुणाची? वीज कायदा २००३ च्या कलम ६५ नुसार सरकारने सवलत जाहीर केली तर तिचे पैसे आगाऊ भरले पाहिजेत. २०२३ च्या केंद्रीय नियमांनी आणखी एक पाऊल टाकलं. दर तिमाही संपल्यावर ३० दिवसांत वीज कंपनीने अनुदानाचा हिशेब द्यायचा आणि पुढच्या ३० दिवसांत आयोगाने तो तपासायचा. पैसा मागितला किती, आला किती, हे त्यातून कळतं. पण किती कुटुंबं यादीतून गळली, का गळली, हे त्यातून कळत नाही. आमची मागणी साधी आहे: त्याच अहवालात गळलेल्यांचाही आकडा जिल्हावार छापा. आयोग दरवाढीवर जनसुनावणी घेतो, तिथे कारखानदार वकील घेऊन येतात. आपल्या वस्तीतून किती जण गेले, हेही विचारायला हवं.

तोवर घरात बसून राहू नका. बिल हातात घ्या, त्यावर दर कुठला लावलाय आणि वर्षभराचा वापर किती झालाय ते बघा. कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे मालकच नव्हे, घरात राहणाराही कनेक्शन मागू शकतो. घरमालकाने ना-हरकत दिली नाही एवढ्यावरून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं. थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. ऐकलं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येतं, आणि त्यापुढे विद्युत लोकपालांकडे.

अनेक ठिकाणी जमातवाले अडलेल्या घराचं थकलेलं बिल भरतात. मोठं काम आहे. पण बिल भरण्याबरोबर एक अर्जही भरून दिला, तर पुढच्या महिन्यात त्याच दारावर पुन्हा जावं लागणार नाही.