समुद्रपुष्पातली रांग

प्राण्यांकडे आपण बहुधा त्यांना पाहायला जात नाही, तात्पर्य आणायला जातो. पंचतंत्र आणि इसापनीती ऐकत वाढलेल्या मनाची ही खोड सहजासहजी सुटत नाही. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरवणारा विदूषक मासा हा तिचा अलीकडचा बळी आहे, असे मला वाटते.

2003 साली आलेल्या 'फाइंडिंग नीमो' या चित्रपटाने हा मासा घरोघरी पोचवला. आई मेलेली, पिल्लू हरवलेले आणि त्याच्या शोधात समुद्र पालथा घालणारा बाप, अशी ती हृद्य कथा. पुढे अभ्यासकांनी लक्षात आणून दिले, की प्रत्यक्षात मादी मेल्यावर हा बाप स्वतःच मादी झाला असता! तेव्हापासून हा मासा स्त्री-पुरुषभेदाच्या वादांतही साक्षीला बोलावला जातो. कोणाला तो आदर्श पिता वाटतो, कोणाला निसर्गाने दिलेला दाखला. या गडबडीत पाहायचा राहून गेला तो मासाच.

हिंदी आणि पश्चिम प्रशांत महासागरांच्या उथळ प्रवाळक्षेत्रांत, आपल्याकडे लक्षद्वीप आणि अंदमानच्या समुद्रातही, हा मासा आढळतो. त्याच्या तीसच्या आसपास जाती आहेत. समुद्रपुष्पाच्या डंख मारणाऱ्या शुंडांमध्ये तो निर्धास्त वावरतो, कारण त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्या डंखांना चेतवत नाही. आसऱ्याच्या बदल्यात तो समुद्रपुष्प कुरतडणाऱ्या माशांना हुसकावतो. त्याची विष्ठाही यजमानाला पोषक ठरते.

एका समुद्रपुष्पात सर्वांत मोठी ती मादी, तिच्याखालोखाल प्रजननक्षम नर आणि त्यांच्यामागे उतरत्या आकाराचे काही प्रजनन न करणारे मासे. मादी गेली, की नर मादी होतो आणि मागचा एकेक मासा पुढे सरकतो. 'नीमो' आला त्याच वर्षी पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीतल्या अभ्यासातून दाखवले, की रांगेतला प्रत्येक मासा आपली वाढ रोखून धरतो. पुढच्याच्या आकाराजवळ जाणे म्हणजे घरातून हाकलले जाण्याची वेळ ओढवून घेणे. आणि समुद्रपुष्पाबाहेर या माशाचा निभाव लागत नाही.

याहून विलक्षण गोष्ट अशी, की हे कुटुंबच नव्हे! नर अंड्यांची निगा राखतो, त्यांच्यावर पंखांनी पाणी खेळवतो. पण आठवडाभराने, रात्रीच्या अंधारात अंड्यांतून निघालेली पिल्ले समुद्रात वाहून जातात. काही दिवसांनी जी वाचतात ती वास घेत एखादे समुद्रपुष्प गाठतात. तिथे भेटतात ते परकेच. बापाने पिल्लाला शोधण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

इथे मलाही मोह होतो. या रांगेत एकत्र कुटुंबातली धाकटी सून दिसते, बढतीची वाट पाहणारा कारकून दिसतो. पण हा मोह आवरला पाहिजे. मासा संयमी नाही, लाचार नाही, क्रांतिकारकही नाही. हे सारे शब्द आपले आहेत. साहित्याने प्राण्यांना वाचा दिली हे खरे; पण वाचा देताना त्यांच्या तोंडी आपलेच बोलणे घातले, हेही तितकेच खरे.

हा केवळ अभिरुचीचा प्रश्न असता, तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. 2023 च्या उष्णतेच्या लाटेत पापुआ न्यू गिनीतल्या किंबे उपसागरात संशोधकांनी 134 विदूषक मासे काही महिने मोजले. त्यांतले 101 मासे लांबीने आखूड झाले होते, आणि आखडलेल्यांची जगण्याची शक्यता अधिक होती. पाणी तापले, की प्रवाळांप्रमाणे समुद्रपुष्पेही विरंजित होतात, पांढरी पडतात, आणि मग घरच उरत नाही. ज्याला आपण केवळ पात्र म्हणून ओळखतो, त्याचे घर गेल्याची कळ आपल्याला येणार कुठून? पात्र तर पडद्यावर सुरक्षितच राहते. माशाला त्याच्या अटींवर पाहणे, ही त्या कळेची पहिली पायरी आहे. तात्पर्य नंतर काढता येईल. किंबहुना नाही काढले तरी चालेल.