गेलेल्या माणसाची झेरॉक्स शोधू नका

"सर, माझा भरवशाचा माणूस सोडून गेला, अगदी तसाच दुसरा कुठे मिळेल?" हा प्रश्न जवळपास प्रत्येक बॅचला येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: मिळणार नाही, आणि शोधूही नका. का ते सांगायला एक जुनी अमेरिकन विनोदी मालिका घेतो, 'मॅश'.

कोरियन युद्ध, आघाडीजवळचं तंबूतलं लष्करी हॉस्पिटल, युनिट ४०७७. खरं युद्ध चाललं तीन वर्षं, मालिका चालली अकरा, १९७२ ते १९८३. आणि सुरुवातीच्या सहा मुख्य कलाकारांपैकी चौघं मधेच सोडून गेले! टिकले दोघंच: हॉकआय करणारा ॲलन आल्डा आणि हेड नर्स मार्गारेट झालेली लोरेटा स्विट. तरी २८ फेब्रुवारी १९८३ चा शेवटचा भाग अमेरिकेत दहा कोटींहून जास्त लोकांनी पाहिला.

कसं जमलं? त्यांनी झेरॉक्स काढली नाही. ढिला, सगळ्यांचा दोस्त असलेला कमांडर हेन्री ब्लेक गेला, तर आला पॉटर, हाडाचा लष्करी माणूस. बाईलवेडा ट्रॅपर गेला, तर आला बी.जे., बायको-मुलीच्या आठवणीत जीव अडकलेला.

मला सगळ्यात हुशारीची वाटते ती फ्रँक बर्न्सच्या जागेवरची भरती. फ्रँक म्हणजे कामात कच्चा आणि तोंडाने मोठा. त्याची टर उडवणं सोपं, पण पाच सीझननंतर त्यात नवीन काय उरणार? मग आणला विंचेस्टर. गर्विष्ठ तोही, पण सर्जन एक नंबर. आता हॉकआयला तोडीस तोड उत्तर मिळायला लागलं. एक माणूस बदलला आणि बाकीच्यांचं काम सुधारलं.

आता तुमच्या दुकानाच्या जवळचं उदाहरण. रडार, कंपनी क्लार्क. हेलिकॉप्टरचा आवाज इतरांच्या आधी याला येणार, साहेबाने मागायच्या आत कागद पुढे. तुमच्याकडे उधारी तोंडपाठ असलेला आणि कुठल्या होलसेलरला कधी फोन करायचा हे न सांगता कळणारा जो आहे ना, तोच. काका वारल्यावर घरच्या शेतीसाठी रडारला परत जायला मिळतं, तर गडी म्हणतो, मी गेलो तर इथलं कसं होणार! शेवटी जनरेटरचा अडलेला प्रश्न क्लिंगर सोडवतो, तेव्हा तो निघतो.

हा क्लिंगर कोण? लष्करातून वेडा म्हणून सुटका व्हावी म्हणून बायकांचे कपडे घालून फिरणारा. जाहिरात देऊन मुलाखती घेतल्या असत्या तर तुम्ही त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. सुरुवातीला त्याचा गोंधळ होतो, सगळे त्याला रडारच्या मापाने मोजतात, तो वैतागतो. मग पॉटरला आठवण करून दिली जाते की रडारलाही पहिल्या दिवसापासून जमत नव्हतं. पुढे क्लिंगर काम करतो ते त्याच्या पद्धतीने, जुगाड करून. झगेही सुटतात.

काही ट्रेनर म्हणतात, "सिस्टीम लावा, माणूस कुणीही चालतो." मला हे अर्धवट वाटतं. माणूस कुणीही चालत नाही. वेगळा चालतो, पण त्याच्याप्रमाणे काम थोडं वळवावं लागतं.

हां, एक फरक आहे. त्यांच्याकडे लेखक होते, नवीन माणूस हवा तसा लिहून घेता यायचा. आपल्याला माणूस लिहिता येत नाही, पण त्याचं काम लिहिता येतं. म्हणून जुना माणूस नोटीसवर असतानाच एक वही करा. उधारी, ऑर्डर, गिऱ्हाइकांचे फोन, बँक, सगळं वेगवेगळं मांडा. मग आधी काउंटरवरच्या पोरांकडे बघा, यातलं कुणाला काय जमेल. उरेल तेवढ्यासाठीच बाहेरचा माणूस घ्या. आणि त्याच्यासमोर पहिले तीन महिने जुन्याचं नाव काढू नका.