अंगठा सुटावा म्हणून शाळा, अन् शाळेतच अंगठा!



पोराला शाळेत कशाला घालायचं? सही करता यावी म्हणून. आज्यानं सावकाराच्या कागदावर अंगठा दिला, रान गेलं. बापानं फॉरेस्टच्या पंचनाम्यावर अंगठा दिला, वर काय लिहिलंय ते त्याला कुणी वाचून दाखवलं न्हाई. हा अंगठा एकदाचा सुटावा म्हणून आम्ही पोरांना शाळेचा रस्ता दाखवला. आता बारामती-इंदापूरच्या वस्त्यांवरचं पोरगं शाळेच्या दारात उभं राहिलं की पहिला सवाल येतो, आधार कुठंय? म्हणजे आधी सेंटरवर जा, अंगठा दे, मग अक्षर गिरव.

आम्हा पारध्यांना हे नवं न्हाई. इंग्रजांनी 1871 ला गुन्हेगार जमातींचा कायदा केला. 1911 च्या कायद्यात तर नोंदलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे कधीही घ्यायची मुभा होती. गुन्हा केला असो वा नसो, जात पुरेशी होती. ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडताना सांगून जायचं. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला. 'हजेरी' अन् 'ठसा' हे शब्द ऐकले की आमच्या म्हाताऱ्यांच्या पोटात आजही गोळा येतो, तो उगाच न्हाई.

सरकार म्हणतं, बोगस पोरं पकडायचीत. बरं, पकडा. पण बोगस पट दाखवला कुणी? 3 ते 5 ऑक्टोबर 2011 ला राज्यभर पटपडताळणी झाली, लाखो नावं कागदावरचीच निघाली. ती नावं पालावरच्या बाईनं घातली नव्हती. अन् ती सापडली कशी? वर्गात जाऊन डोकी मोजली म्हणून. तेव्हा पोरांचे अंगठे लागले न्हाईत. जून 2018 ला पुणे विभागासह पाच विभागांत अकरावी-बारावी विज्ञानाच्या पोरांना बायोमेट्रिक हजेरी लावायचा हुकूम निघाला, कारण कॉलेजं अन् क्लासवाले एकमेकांना सामील. पाप संस्थाचालकाचं, अंगठा पोराचा!

आता खरी मेख ऐका. 2022-23 पासून संच मान्यतेला, म्हणजे शाळेला मास्तर किती द्यायचे हे ठरवायला, आधार 'वैध' असलेली पोरंच धरायची असं ठरलं. शाळेतलं नाव, जन्मतारीख, मुलगा का मुलगी, हे आधारशी जुळलं तर वैध. आमच्यात जन्म पालावर होतो, तारीख मास्तर अंदाजानं घालतात, नाव जो तो आपल्या कानानं लिहितो. मग जुळणार कसं? पोरगं वर्गात बसलंय, पाढे म्हणतंय, पण हिशोबात न्हाई. पट घटला की मास्तर जातो. त्यात 2023 ला वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मोडून समूह शाळा करायचं सरकारनं काढलंच होतं. वस्तीची शाळा बंद करायला आता जेसीबी लागत न्हाई.

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या उसावर नंदुरबारकडून कोयते येतात, त्यांच्या पोरांची गत तीच. सहा महिने कोपीत, सहा महिने गावात. कार्ड ट्रंकेत गावी, पोरगं इथं. अन् ठसा तरी कुठं टिकतो? पाच वर्षांखालच्या बाळाचे ठसे घेतच न्हाईत, पाचव्या अन् पंधराव्या वर्षी पुन्हा घ्यावे लागतात. वाढत्या पोराचं बोट बदलतं हे मशीनवाल्यांनाही ठाऊक हाय. उसाच्या पाचटानं, लाकडाच्या मोळीनं झिजलेल्या बोटाचं तर विचारूच नका. रेशनच्या दुकानात म्हातारी चारदा बोट पुसते ते रोज बघतोच की. कुलूप बिघडलं तर बदलता येतं. अंगठा एकदा कुणाच्या हाती गेला तर दुसरा आणायचा कुठून?

कायदा आपल्या बाजूला हाय, तो पाठ करा. 26 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं : शाळेच्या प्रवेशाला आधार सक्तीचं न्हाई. सहा ते चौदा वर्षांच्या पोराचं शिक्षण हा हक्क हाय, सरकारची खैरात न्हाई. आधार न्हाई म्हणून कुठल्या पोराला योजनेपासून तोडता येत न्हाई. आईबापाच्या संमतीशिवाय पोराचं आधार काढता येत न्हाई. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 14 : वयाचा दाखला न्हाई म्हणून प्रवेश नाकारता येत न्हाई. कलम 15 : वर्षाच्या मधेच आलं तरी पोराला घ्यावंच लागतं.

वनहक्काच्या दाव्यात वस्तीच्या म्हाताऱ्याचा जबाब पुरावा म्हणून चालतो. जमिनीला चालतो, अन् हे पोरगं याच वस्तीचं हाय एवढं सांगायला चालत न्हाई?

गुरुजींशी भांडू नका, त्यांच्या गळ्यालाही हाच फास हाय. येत्या ग्रामसभेत ठराव घ्या : वर्गात हजर असलेलं प्रत्येक पोर पटावर धरा, डोकी मोजा, संच मान्यता त्यावर करा. ठरावाची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्याला द्या, पोच घ्या. कुणी आधारवाचून पोर परत पाठवलं तर एवढंच म्हणा, "सायेब, नाकारलं ते लेखी द्या." अन् लेखी घेतल्याशिवाय तिथनं हलू नका. दोघी-चौघी मिळून जा, एकटीनं जाऊ नका.