विश्लेषण : फोनवर ‘विकत’ घेतलेला गेम नेमका कोणाचा?

कन्सोलवरचे मोठे गेम आता थेट फोनवर खेळा, अशी हाक पुन्हा ऐकू येऊ लागली आहे. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२५मध्ये ‘एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग’ भारतात सुरू केले. पन्नास हजारांच्या घरातला कन्सोल न घेता हातातल्या फोनवर तोच गेम, हे आमिष बीड, परळी किंवा अंबाजोगाईतल्या कॉलेजच्या मुलांना भुरळ घालणारे आहे, कारण या जिल्ह्यात गेम खेळणे म्हणजे बहुतेकांसाठी मोबाइलवर खेळणे. मात्र कन्सोल बनवणाऱ्या कंपनीने फोनवर दुकान मांडण्याची ही पहिली वेळ नाही. सोनीने २०१२मध्ये असेच दुकान उघडले आणि तीन वर्षांत बंद केले. ज्यांनी तिथे पैसे मोजून गेम घेतले, त्यांचे काय झाले आणि तीच वेळ आपल्यावर आली तर बीडच्या ग्राहकाने दाद कोठे मागायची, याचा हा आढावा.

सोनीचे ‘प्लेस्टेशन मोबाइल’ काय होते?

सोनीने जानेवारी २०११मध्ये ‘प्लेस्टेशन स्वीट’ या नावाने ही योजना जाहीर केली. जून २०१२मध्ये तिचे नाव ‘प्लेस्टेशन मोबाइल’ झाले आणि ३ ऑक्टोबर २०१२ रोजी प्रत्यक्ष विक्री सुरू झाली. एकच गेम सोनीच्या ‘व्हिटा’ या हातात धरून खेळायच्या कन्सोलवरही चालावा आणि ठरावीक अँड्रॉइड फोनवरही, अशी ती कल्पना होती. त्यासाठी फोनवर ‘प्लेस्टेशन सर्टिफाइड’ अशी मोहोर लागे. सोनीच्या एक्सपिरिया फोनबरोबर एचटीसीसारख्या कंपन्यांचे काही फोनही त्यात होते.

छोट्या निर्मात्यांसाठी ही संधी होती. कन्सोलसाठी गेम बनवायचा तर महागडी खास उपकरणे आणि कंपनीशी मोठे करार लागत. इथे मात्र साध्या संगणकावर सी-शार्प भाषेत गेम लिहिता येत होता. वर्षाला ९९ डॉलरचे शुल्क होते, तेही मे २०१३मध्ये माफ झाले. एकट्यादुकट्या प्रोग्रामरला प्लेस्टेशनच्या नावाखाली गेम विकण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

ते दुकान का चालले नाही?

पहिले कारण, दार अरुंद होते. सुरुवात अमेरिका, कॅनडा, जपान, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन आणि ऑस्ट्रेलिया या नऊच देशांत झाली. ‘व्हिटा’ भारतात फेब्रुवारी २०१२मध्येच आला होता, तरी या पहिल्या यादीत भारत नव्हता. दुसरे कारण, मोहोर नसलेल्या फोनवर हे गेम चालत नसत आणि आयफोनचा तर प्रश्नच नव्हता. तिसरे आणि मोठे कारण म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये गूगलचे दुकान आधीच बसलेले होते. तिथे हजारो गेम फुकट मिळत असताना वेगळ्या दुकानात जाऊन पैसे देण्याचे कारण ग्राहकाला दिसेना. गिऱ्हाईक नाही म्हणून मोठे गेम नाहीत आणि मोठे गेम नाहीत म्हणून गिऱ्हाईक नाही, असे ते चक्र झाले. ऑगस्ट २०१४मध्ये सोनीने अँड्रॉइडच्या पुढच्या आवृत्त्यांसाठी हे दुकान चालवणार नसल्याचे सांगितले, तेव्हाच शेवट दिसू लागला.

गेम घेतलेल्यांचे पुढे काय झाले?

१५ जुलै २०१५ रोजी विक्री थांबली. १० सप्टेंबर २०१५ ही घेतलेले गेम पुन्हा उतरवून घेण्याची आणि यंत्र नोंदवण्याची शेवटची तारीख होती. त्याआधी ज्यांनी गेम उतरवून यंत्राची नोंदणी केली, त्यांचे गेम त्या यंत्रावर चालत राहिले. मात्र यंत्र बिघडले, मेमरी पुसली गेली किंवा फोन बदलला, की परत मिळवण्याची अधिकृत वाट बंद झाली. खात्यात खरेदीची नोंद राहिली, वस्तू मात्र हाती राहिली नाही.

याच काळातले एक भारतीय उदाहरण याच्या अगदी उलट आहे. मुंबईच्या ट्राइन गेम्सने गल्ली क्रिकेटवर बनवलेला ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ २०१०मध्ये प्लेस्टेशन २ आणि पीएसपी या हातातल्या कन्सोलसाठी डिस्कवर आला. हैदराबादच्या गेमशास्त्रने विटीदांडू, कबड्डी आणि पतंगांवरचा ‘देसी अड्डा’ त्याच सुमारास काढला. पीएसपीचे ऑनलाइन दुकान जुलै २०२१मध्ये बंद झाले, तरी ज्याच्याकडे डिस्क आणि चालू यंत्र आहे तो हे गेम आजही खेळू शकतो, मित्राला देऊ शकतो, विकूही शकतो. डिस्क ही वस्तू होती. डाउनलोड हा कंपनीने दिलेला वापराचा परवाना असतो. बटणावर मात्र दोन्हीकडे ‘खरेदी करा’ असेच लिहिलेले असते आणि सारा घोळ तिथेच आहे.

भारतातल्या मोबाइल खेळाडूंना हा अनुभव आला आहे का?

आला आहे, कारण वेगळे असले तरी. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी ‘पबजी मोबाइल’वर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला भारतातील सेवा थांबली. गेम फुकट होता, पण त्यातले पोशाख आणि बंदुकांची रंगसंगती यांवर मुलांनी पैसे खर्च केले होते. जुलै २०२१मध्ये ‘बीजीएमआय’ आला, तेव्हा जुन्या खात्यातला माल नव्या खात्यात आणण्याची मुदतबंद सोय मिळाली. जुलै २०२२मध्ये तोही दुकानांतून हटला आणि मे २०२३मध्ये परतला. पैसे देऊन घेतलेली गोष्ट दुसऱ्याच्या सर्व्हरवर असेल, तर ती राहणार की जाणार हे आपल्या हातात नसते, हे या तीन वर्षांत गावोगावच्या मुलांनी पाहिले.

पैसे लावून खेळायच्या रमी आणि तत्सम खेळांचा प्रश्न निराळा आहे. ऑगस्ट २०२५मध्ये झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने अशा खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व करमणुकीचे गेम त्यापासून वेगळे काढले. इथे चर्चा करमणुकीच्या गेमची आहे. पण कायदेशीर गेम म्हणजे ग्राहकाच्या पैशाला संरक्षण असलेला गेम, असा अर्थ त्यातून निघत नाही.

क्लाउड गेमिंगने काय बदलते?

सोनीच्या जुन्या दुकानातला गेम निदान फोनमध्ये उतरत असे. क्लाउडमध्ये तोही उतरत नाही. गेम दूरच्या डेटा सेंटरमधल्या संगणकावर चालतो आणि फोनवर फक्त त्याचे चित्र येते. बोटाने दाबलेले बटण तिकडे जाते आणि परिणाम इकडे दिसतो. सेकंदाला ६० चित्रे यायची असतील, तर नेट जरा अडखळले तरी खेळ अडखळतो. हातात धरायच्या नव्या यंत्रांचीही हीच गत आहे. सोनीने ऑगस्ट २०२४मध्ये भारतात आणलेले ‘प्लेस्टेशन पोर्टल’ हे मुळात घरच्या प्लेस्टेशन ५वरचा गेम वाय-फायवरून हातात आणणारे यंत्र आहे. त्यासाठी किमान ५ एमबीपीएस, तर चांगल्या अनुभवासाठी १५ एमबीपीएस वेग सोनी सुचवते.

हा वेग डेटात मोजला की बीडमधले गणित स्पष्ट होते. ५ एमबीपीएसने तासाभरात सुमारे सव्वादोन जीबी डेटा जातो, १५ने पावणेसात जीबी. रोज दोन जीबीचा पॅक असेल तर तो तासाभराच्या आतच संपेल. अमर्याद ५जीचा पॅक आणि तशी रेंज आहे तिथे हा हिशेब सैल होतो. बीड शहरात जे जमते ते पाटोदा, शिरूर कासार किंवा धारूरच्या डोंगरपट्ट्यात जमेलच असे नाही. शिवाय दर वर्षी दिवाळीच्या आसपास जिल्ह्यातली मोठी संख्या ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाते. फोन त्यांच्याबरोबर फडावर जातो, घरचे वाय-फाय जात नाही. कोपीत दिवसाकाठी एकदा फोन चार्ज करून रेंज शोधणाऱ्या पोराला उतरवून ठेवलेला, नेटशिवाय चालणारा गेमच उपयोगाचा. वर्गणी मात्र खेळले तरी आणि न खेळले तरी महिन्याला कापली जाते.

इतरत्र काय नियम आहेत?

कंपनीने ठरवले तर नीट निरोप घेता येतो. गूगलने आपली ‘स्टेडिया’ ही क्लाउड सेवा १८ जानेवारी २०२३ रोजी बंद केली, तेव्हा तिथे विकत घेतलेल्या गेमचे पैसे ग्राहकांना परत दिले. मासिक वर्गणीचे पैसे मात्र परत मिळाले नाहीत. सोनीने मार्च २०२१मध्ये व्हिटा आणि प्लेस्टेशन ३चे दुकान बंद करण्याचे जाहीर केले होते. ग्राहकांनी गिल्ला केल्यावर पुढच्याच महिन्यात तो निर्णय मागे घेतला. म्हणजे तक्रारीचा उपयोग होतो.

कायद्याच्या पातळीवर अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने पाऊल टाकले. १ जानेवारी २०२५पासून तिथे डिजिटल वस्तू विकताना ‘हा केवळ परवाना आहे’ हे स्पष्ट सांगावे लागते, नाहीतर ‘खरेदी’ हा शब्द वापरता येत नाही. कायमचे उतरवून नेटशिवाय वापरता येणाऱ्या वस्तूला हे बंधन नाही. युरोपात ‘द क्रू’ हा गेम मार्च २०२४मध्ये बंद झाल्यावर सुरू झालेल्या मोहिमेला दहा लाखांहून अधिक सह्या मिळाल्या. कंपनीने सेवा थांबवली तरी विकलेला गेम चालण्याजोगा ठेवावा, एवढीच तिची मागणी आहे.

बीडच्या ग्राहकाने दाद कोठे मागावी?

भारतात मार्ग आहेत, पण ते फारसे वापरले जात नाहीत. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांत डिजिटल उत्पादनेही येतात आणि भारतातील ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या परदेशी कंपन्याही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि महिन्याभरात तिचे निवारण करावे, असे हे नियम सांगतात. त्यामुळे पहिली तक्रार कंपनीकडे लेखी करावी आणि पावती, ईमेल, खात्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

तिथेही काम झाले नाही, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्याच जिल्ह्यात दावा करता येतो. कंपनीचे कार्यालय मुंबईत किंवा परदेशात असले तरी तक्रार बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालू शकते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. एकाच कारणाने अनेकांचे नुकसान झाले असेल, तर आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने एकत्र तक्रार करता येते. ग्राहकांच्या सामूहिक हिताची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते, ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे.

अडचण एका ठिकाणी आहे. ‘सेवा कधीही, कारण न देता बंद करू’ असे कलम अन्यायकारक आहे, असा दावा करायचा असेल तर तो अधिकार जिल्हा आयोगाला नाही. अन्यायकारक कराराची तक्रार राज्य किंवा राष्ट्रीय आयोगापुढे न्यावी लागते. पाचशे रुपयांच्या गेमसाठी कोणता विद्यार्थी तेवढी खटपट करील? नुकसान माणशी छोटे असते, म्हणून कोणी भांडत नाही. कोणी भांडत नाही, म्हणून कलम तसेच राहते.

मग काय व्हायला हवे?

क्लाउड गेमिंगला विरोध करण्याचे कारण नाही. कन्सोल न परवडणाऱ्या घरातल्या मुलाला चांगले गेम पाहायला मिळणार असतील तर ते स्वागतार्ह आहे. निर्मात्यांनाही नवी बाजारपेठ हवीच आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२०मध्ये आधी निन्टेंडो स्विचवर आला, मग संगणक, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर. एका दुकानाला टाळे लागले तरी असा गेम टिकतो. ज्यांनी फक्त प्लेस्टेशन मोबाइलसाठी गेम लिहिले, त्या छोट्या निर्मात्यांची मेहनत मात्र दुकानाबरोबर गेली.

म्हणून मागणी साधी आणि ठोस असावी. परवाना विकत असाल तर बटणावर परवाना लिहा आणि तेही मराठीसह ग्राहकाच्या भाषेत. दुकान बंद करणार असाल तर पुरेशी आगाऊ सूचना द्या आणि एकतर पैसे परत करा किंवा नेटशिवाय चालणारी प्रत द्या. केंद्र सरकारने ई-कॉमर्स नियमांत या तीन गोष्टी घालाव्यात. ठरावीक रकमेपर्यंतच्या अन्यायकारक कराराच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगांना द्यावा. शेतकऱ्याला बियाणे निकृष्ट निघाले तर आयोगाचे दार ठोठावता येते, हे बीडला नवे नाही. त्याच्या मुलाने मोबाइलवर खर्च केलेले पैसेही त्याच घरातून आलेले असतात.

तोवर ग्राहकाने पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. हा गेम नेट बंद करून चालतो का? फोन बदलला तर तो परत मिळतो का? आणि कंपनीने उद्या सेवा थांबवली तर हाती काय राहते? तिन्ही उत्तरे नकारार्थी असतील, तर ते पैसे गेमची किंमत नसून भाडे आहेत, हे समजून मगच द्यावेत.