वर्गातील शिस्त : मौनाची की सहभागाची?

‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही आज्ञा महाराष्ट्रातील किती पिढ्यांनी पाळली असेल, याची गणती करणे कठीण. तिच्यामागील समजूत मात्र उघड आहे. जो वर्ग शांत, तो चांगला आणि ज्याच्या वर्गातून आवाज येत नाही, तो शिक्षक समर्थ! मुख्याध्यापक व्हरांड्यातून फेरी मारतात ते हीच कसोटी मनात धरून आणि पालकही शाळेची पारख पुष्कळदा तिनेच करतात. या कसोटीत एक मूलभूत उणीव आहे. तोंडावर बोट ठेवलेले मूल समजून घेत आहे की केवळ घंटेची वाट पाहत आहे, हे कळण्याचा मार्गच ती बंद करते. ‘समजले का?’ या प्रश्नाला सारा वर्ग एका सुरात जो होकार देतो, त्याची खरी किंमत शिक्षकाला उत्तरपत्रिका तपासताना कळून चुकते.

शिक्षण हक्क कायदा २००९ साली संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी घातली. कलम २९ याच्याही पुढे जाते. मूल भयमुक्त असावे आणि त्याला आपले मत मोकळेपणाने मांडता यावे, अशी अपेक्षा ते व्यक्त करते. पहिली तरतूद बहुतेकांच्या स्मरणात राहिली, दुसरीचा विसर पडला. परिणामी छडी गेली, परंतु तिच्या जागी काय आणावयाचे, याचा विचार अनेक शाळांनी केलाच नाही. ती रिकामी जागा कोठे बेशिस्तीने भरून काढली, तर कोठे उपहासाने. ‘ढ’ म्हणून हिणवलेल्या मुलाच्या अंगावर वळ उठत नाहीत. पण त्यानंतर ते हात वर करीत नाही.

शिक्षकांची बाजूही येथे ऐकली पाहिजे. सहावी ते आठवीच्या वर्गांत ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा, असे कायद्याचे परिशिष्ट सांगते. याहून मोठे वर्ग ज्यांच्या वाट्याला येतात, ज्यांना जनगणना व निवडणुकीची कामेही करावी लागतात आणि वर्षअखेर अभ्यासक्रम पुरा केल्याचा हिशेब द्यावा लागतो, त्यांना प्रत्येक मुलाला बोलते करा, असा उपदेश करणे सोपे आहे. वर्गात गोंगाट माजला की सर्वांत मोठे नुकसान शिकू इच्छिणाऱ्या मुलाचेच होते, हेही खरे. म्हणूनच प्रश्न शिस्त हवी की नको, असा नसून कोणती शिस्त हवी, असा आहे.

बोलण्याचीही एक शिस्त असते आणि ती मौनापेक्षा अवघड आहे. दुसऱ्याचे बोलणे पुरते होईपर्यंत थांबणे, आपले मत कारणासह सांगणे, समजले नाही तर तसे स्पष्ट म्हणणे, वेळेवर व तयारीनिशी येणे, एवढे चार नियम वर्षारंभीच मुलांशी बोलून ठरवता येतात. पाचवा नियम सर्वांत महत्त्वाचा : कोणाच्याही उत्तराला हसावयाचे नाही. अहिराणी, वऱ्हाडी वा गोंडी बोलत घरात वाढलेले मूल पुस्तकी मराठीत अडखळते, तेव्हा वर्गात उठणारी हास्याची लाट त्याला वर्षानुवर्षे मुके करून टाकते. हे नियम शिक्षकालाही बांधून घेणारे हवेत. उशिरा येणाऱ्या शिक्षकाने वक्तशीरपणा शिकवू नये आणि चुकीच्या उत्तरावर टोमणा मारणाऱ्याने सहभागाची अपेक्षा करू नये.

हा विचार महाराष्ट्राला परका नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे सुरू केलेले काम अनुताई वाघ यांच्या साथीने पुढे कोसबाडला नेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, असे पाहून त्यांनी अंगणवाडी पाड्यावर नेली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुलांना बोल लावण्यापूर्वी त्यांनी शाळेचा साचा तपासला. आज वर्गात गप्प बसणाऱ्या मुलांविषयीही प्रथम हेच करावयास हवे.

राज्याने २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत स्वीकारली, तेव्हा तोंडी कामाला व दैनंदिन निरीक्षणाला त्यात स्थान मिळाले. अशा नोंदी वर्षअखेर एका बैठकीत भरल्या गेल्या, तर त्यांना अर्थ उरत नाही. उलट, दर आठवड्याला न बोललेल्या पाच मुलांकडे जाणीवपूर्वक वळण्याचे एखाद्या शिक्षकाने ठरवले, तर त्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची आवश्यकता नाही.

वर्गात ‘का’ म्हणण्याची चोरी झालेला विद्यार्थी पुढे कचेरीच्या खिडकीपुढे उभा राहतो, तेव्हा आपला अर्ज का परत आला, हे विचारण्याचे धैर्य त्याला होत नाही. आणि खिडकीच्या आत बसलेला त्याचाच वर्गबंधू, वरून आलेली सूचना चुकीची असली तरी, मुकाट्याने पुढे पाठवितो. अशा मौनाची किंमत शाळेला नव्हे, साऱ्या समाजाला मोजावी लागते.